चालण्याचा क्रम आणि पाहण्याचा क्रम

डोंगरातील दिवसभराच्या चालण्याचे निवेदन बहुधा घड्याळाच्या अंगाने उभे राहते. पहाटेचे निघणे, चढ, माथा, उतार, सायंकाळ. आणि वाटेत दिसलेले पशुपक्षी या क्रमात कुठेतरी प्रसंग म्हणून येतात. हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो, की तोही एक आकृतिबंध आहे आणि आशयावर तो आपल्या अटी लादतो, याचे भान सुटते. माथा हे निवेदनाचे गंतव्य ठरले की हरिण किंवा गरुड ही वाटेवरची मिळकत होते.

स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतावर आयुष्यभर भटकलेल्या नॅन शेफर्ड (१८९३–१९८१) यांच्या 'द लिव्हिंग माउंटन'मध्ये हा क्रमच नाकारलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात लिहिलेले आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेले हे छोटे पुस्तक बारा प्रकरणांचे आहे: पठार, पाणी, हिम, हवा आणि प्रकाश, वनस्पती, प्राणी, माणूस, झोप, इंद्रिये, असे काहीसे. १३०९ मीटर उंचीचा बेन मकडूई त्यात आहे, पण उत्कर्षबिंदू म्हणून नाही. तारुण्यात उंचीची झिंग हवी असते, पुढे डोंगराच्या सहवासासाठीच जावेसे वाटते, हे स्थित्यंतर लेखिकेने सांगितले आहे; पण खरे म्हणजे ते आधी रचनेतच घडलेले आहे.

मात्र या रचनेचीही एक किंमत आहे आणि शेफर्ड यांचे चाहते तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. प्राणिजीवन एका प्रकरणात गोळा केले की यादीची छाया पडतेच. कड्याच्या काठाशी सुसाटणाऱ्या पाकोळ्यांचा वेग तेथे अंगावर येतो खरा, परंतु पुढे ऋतुमानाप्रमाणे पिसे पालटणारा टार्मिगन, सोनेरी गरुड, हरणे असे एकामागून एक येऊ लागले की वाचक चालण्यातून बाहेर पडून संग्रहालयात शिरल्यासारखा होतो. याउलट प्राण्यांचा सर्वांत उत्कट प्रत्यय येतो तो त्यांच्या प्रकरणात नव्हे, तर झोपेच्या प्रकरणात. उघड्यावर झोपलेल्या माणसाला जाग येते आणि हरणे जवळच चरत असतात. येथे पाहण्याचा हेतू नाही, पाळत नाही. चालणाऱ्याने चालणे आणि पाहणे दोन्ही सोडले आहे, म्हणूनच प्राणी प्रसंग न होता सहवासी होतो. निरीक्षणाची शिस्त जेथे शिथिल होते तेथेच निरीक्षण साहित्य होते, हा विरोधाभास लेखिकेला जाणवला होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण सह्याद्रीतच आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'तील वाट गडाकडे जाते, आणि गडाला इतिहासाने आधीच अर्थ दिलेला असतो. अशा माथ्याला निवेदनाचे गंतव्य होण्यापासून रोखणे सोपे नाही. त्या वाटेवर अचानक समोर आलेले भेकर बुरुजाच्या आधी येते की बुरुजासाठी थांबते, हे प्रत्येक लेखकाला त्या त्या वाक्यातच ठरवावे लागते.