निर्णयाचा कर्ता कोण?

न्यायालयाचा निकाल हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस तें विचित्र वाटेल. निकालाच्या पाठीशीं राजदंड उभा असतो. त्याला रसिकांच्या पसंतीची गरज नसते. तथापि निकालही शेवटीं शब्दांनींच रचिलेला असतो. त्यांत पात्रें असतात, प्रसंग असतात, आणि कोणास बोलतें करावयाचें व कोणास मुकें ठेवावयाचें हें ठरविणारा एक लेखकही असतो. गर्भपाताच्या हक्कासंबंधीं अलीकडे जे निकाल झाले त्यांची चर्चा बहुधा नीतीच्या किंवा धर्माच्या अंगानें होते. आम्ही येथें त्यांस शाळेंतला एक साधा प्रश्न विचारणार आहों : या वाक्यांचा कर्ता कोण?

हा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाहीं. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयांत विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप शाबीत होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती बदलून जन्मभर काळ्या पाण्याची केली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जे कोरडे ओढले गेले त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें छोटेंसें पुस्तक पुण्यास छापविलें. त्या पुस्तकाची भाषा घरगुती आहे, क्वचित् शिवराळही आहे. पण त्याचा रोख अचूक आहे. खटल्याच्या कथेंत एक स्त्री आहे, एक मेलेलें मूल आहे. पुरुष मात्र कोठेंच नाहीं. तिला पुनर्विवाहाची बंदी कोणी केली, तिला फसवून दूर कोण झालें, हें निकालपत्र विचारीत नाहीं. गुन्हा करणारी तेवढी त्याला दिसते. तिच्यापुढें दुसरी वाट न ठेवणारे दिसत नाहींत. जोतीराव फुले यांनीं मात्र १८६३ सालींच पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ती दुसरी वाट दाखविली होती.

आतां कायद्याकडे वळूं. १८६० च्या दंडसंहितेनें गर्भपात गुन्हा ठरविला आणि स्त्रीचा जीव वांचविण्याकरितां सद्हेतूनें केलेला तेवढा वगळला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही तींत गुन्हेगारच ठरली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली, पण तींतही हीं कलमें जवळजवळ तशींच उतरलीं आहेत. मध्यंतरीं शांतिलाल शाह समितीच्या अहवालावरून १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याचें मुख्य वाक्य असें, कीं अमुक परिस्थितींत नोंदणी झालेल्या डॉक्टरानें गर्भपात केल्यास तो गुन्हेगार समजला जाणार नाहीं. या वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. अभय मिळालें तें डॉक्टरास. स्त्री या कायद्यांत येते ती संमति देण्यापुरती. या कायद्यानें उजेडांतली वाट मोकळी केली, हे उपकार लहान नाहींत. पण त्या वाटेवरची चौकी डॉक्टराच्या हातीं राहिली. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं वर्गांच्या स्त्रियांकरितां मुदत वीस आठवड्यांवरून चोवीसवर नेली, पण त्या वाढीव मुदतीसाठीं दोन डॉक्टरांचें मत आवश्यक ठेवलें. चौकी हलली, उठली नाहीं.

या बाबतींत आपणच मागासलेले आहों असें मात्र समजूं नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा रो खटल्याचा निकाल स्त्रीस्वातंत्र्याची सनद म्हणून गाजला; पण तोही पहिल्या तीन महिन्यांतील निर्णय मुख्यतः डॉक्टराच्या वैद्यकीय बुद्धीवर सोंपवितो. १९९२ च्या केसी खटल्यांत स्त्री कांहींशी पुढें आली. २४ जून २०२२ रोजीं डॉब्स खटल्यांत हे दोन्ही निकाल रद्द झाले, आणि डॉक्टराची व स्त्रीची जागा त्या त्या राज्यांतील लोकप्रतिनिधींस मिळाली.

त्यानंतर तीनच महिन्यांनीं, २९ सप्टेंबर २०२२ रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिल्लींतील एका अविवाहित तरुणीस उच्च न्यायालयानें परवानगी नाकारली होती, कारण नियमांच्या शब्दांत ती बसत नव्हती. न्यायमूर्ति चंद्रचूड यांनीं लिहिलेल्या या निकालानें विवाहित व अविवाहित हा भेद घटनेस धरून नाहीं असें ठरविलें, आणि या कायद्यापुरती पतीनें केलेली बळजबरीही बलात्कारांत मोजली. येथें प्रथमच स्त्री आपल्या शरीराविषयींच्या वाक्यांची कर्ती झालेली दिसते. निकालाची भाषा उदार आहे, प्रसन्न आहे.

पण काव्याची परीक्षा जशी दुसऱ्या वाचनांत, तशी निकालाची परीक्षा पुढल्या खटल्यांत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालीं दोन मुलांच्या एका मातेची विनंती फेटाळली गेली. गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता; प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारानें आपण पीडित आहों, असें तिचें म्हणणें होतें. आठवड्यापूर्वीं मिळालेली परवानगी, गर्भ जगूं शकेल असें एका डॉक्टरानें कळविल्यावर, फिरली. मर्यादा उलटली आहे, जीवास तात्काळ धोका नाहीं, गर्भांत व्यंग नाहीं, अशी कारणें देण्यांत आलीं.

या निकालास निर्दय म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. जगूं शकणाऱ्या गर्भाचें हृदय बंद करण्याचा हुकूम देतांना कोणाचीही लेखणी थबकेल, आणि ज्याला स्वतःचा शब्द नाहीं त्याच्या वतीनें कोणीतरी बोललें पाहिजे, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु निर्णय स्त्रीचा मानून त्याला मर्यादा घालणें ही एक गोष्ट आहे, आणि निर्णय दुसऱ्याचा मानून तिला अर्ज करावयास लावणें ही दुसरी. २०२२ च्या निकालांतील स्वातंत्र्य १९७१ च्या त्याच वाक्यावर उभें होतें, ज्याचा कर्ता डॉक्टर होता. कायद्याचे शब्द सैल होते तोंवर तें टिकलें. ते घट्ट होतांच स्त्री पुन्हां अर्जदार झाली. तिचें स्वातंत्र्य निकालाच्या अलंकारांत आलें, विधेयांत आलें नाहीं.

तेव्हां दोष एका न्यायमूर्तीचा नव्हे, मूळ वाक्याचा आहे, आणि तें वाक्य दुरुस्त करण्याचें काम न्यायालयाचें नसून संसदेचें आहे. गर्भपाताची मुदत किती असावी याविषयीं सुज्ञ माणसांत मतभेद राहतील, ते राहावेत. पण त्या वादापूर्वीं ताराबाईंच्या पुस्तकाचीं थोडीं पानें वाचावींत. त्या खटल्यांत जो पुरुष अदृश्य होता तो आजच्या या निकालांतही क्वचितच दिसतो. आणि जी स्त्री तेव्हां आरोपी होती ती आज अर्जदार झाली आहे, एवढीच आपली प्रगति.