थॉरला वाहिलेली नावं

जुना काळ नुसता वाचून ज्यांचं समाधान होत नाही, तो अंगावर घालून पाहावासा वाटतो, अशा लोकांच्या संस्था जगभर आहेत. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं सुरू झालेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही त्यांतली एक मोठी. इथं येणारा माणूस सतराव्या शतकाच्या आधीची एक काल्पनिक व्यक्तिरेखा स्वतःसाठी घडवतो. तिचे कपडे शिवतो, तिचं जेवण रांधतो आणि तिच्या नावानं हाका मारून घेतो. नाव संस्थेत नोंदवायचं असेल, तर ते त्या मुलखात त्या काळात वापरात होतं याचा पुरावा द्यावा लागतो. इतिहासातल्या नामवंत माणसाचं नाव मात्र उचलता येत नाही.

व्हायकिंग व्हायची हौस असलेल्यांना यादीसाठी दूर जावं लागत नाही. गेइर बासी हाराल्डसन यांची ‘द ओल्ड नॉर्स नेम’ ही १९७७ची पुस्तिका त्यांच्यात वर्षानुवर्षं फिरते आहे. गंमत म्हणजे लेखकाचं हे नावही असंच जुन्या वळणावर बेतून घेतलेलं आहे. अशा यादीतून एक नाव, त्यापुढं बापाचं नाव आणि वर एखादं रांगडं उपनाव उचललं की माणूस तयार होतो. पण नाव होतं की नाही एवढंच यादी सांगते. ते माणसाला चिकटतं कसं, हे पाहायचं तर तेराव्या शतकात कुणा अनाम आइसलँडरनं लिहिलेल्या ‘एयरबिग्या सागा’कडे वळावं. तिची सुरुवातीची प्रकरणं वंशावळीनं भरलेली आहेत, म्हणून वाचक ती घाईनं ओलांडतात. मला मात्र एका घराण्याच्या चार पिढ्यांची ती गोष्टच वाटते, आणि ती सगळी नावांतून सांगितलेली आहे.

पहिला पुरुष ह्रोल्फ. नॉर्वेतल्या मोस्तर बेटावरचा हा बडा माणूस थॉर देवाचं देऊळ सांभाळी. थॉरशी त्याची जवळीक एवढी, की लोक त्याला थॉरोल्फ म्हणू लागले. देवाचं नाव त्याच्या नावात शिरलं. दाढी भरघोस होती, म्हणून ‘मोस्त्रारस्केग’, म्हणजे मोस्तरची दाढी, हे उपनाव मागं लागलं. इथं सागाकाराचं क्रियापद पाहण्यासारखं आहे. ह्रोल्फनं नाव बदललं असं तो लिहीत नाही, त्याला तसं म्हटलं जाई असं लिहितो. भक्ती ह्रोल्फची आणि दाढीही त्याचीच, पण त्यांचं नाव केलं ते शेजाऱ्यांनी.

पुढं नॉर्वेच्या राजा हाराल्डशी त्याचं बिनसतं आणि नवव्या शतकाच्या अखेरीस तो आइसलँडची वाट धरतो. किनारा दिसू लागताच घरातल्या मानाच्या आसनाचे खांब समुद्रात टाकतो. त्यांतल्या एकावर थॉरची मूर्ती कोरलेली आहे, आणि खांब लागतील तिथं राहायचं असा त्याचा संकेत आहे. खांब ज्या भूशिराला लागतात त्याला तो थॉर्सनेस म्हणतो. म्हणजे थॉरचं नाव आधी जमिनीला मिळतं आणि मग मुलाला. म्हातारपणी थॉरोल्फला उन्न नावाच्या बायकोपासून मुलगा होतो. त्याचं नाव स्टेन, म्हणजे दगड. बाप हा मुलगा आपल्या मित्राला, थॉरला देऊन टाकतो आणि त्याला थॉरस्टेन म्हणतो. या वेळी क्रियापद कर्तरी आहे. देणारा बाप, नाव ठेवणाराही बापच. नवसानं झालेल्या मुलाचं नाव खंडेराव ठेवणाऱ्या घरांना यात परकं काही वाटणार नाही. फरक इतकाच, की थॉरोल्फनं नवस केल्याचं सागा सांगत नाही. ती मैत्रीतली देणगी आहे.

थॉरस्टेनचं उपनाव ‘थॉर्स्कबीट’, म्हणजे कॉड मासा चावणारा. ते का पडलं हे सागाकार सांगत नाही. तो एवढंच नोंदवतो, की थॉरस्टेनच्या पदरी साठ मोकळे गडी असत, घरात सामान भरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता आणि तो सदा मासेमारीला गेलेला असे. साठ तोंडांना घालायचं तर समुद्रावर जाणं भागच होतं. कारण न सांगता कारणाची सगळी सामग्री वाचकापुढं मांडून ठेवायची, ही सागाकारांची खास लकब. वयाच्या पंचविशीत हा माणूस मासेमारीतच बुडून मरतो. त्याच संध्याकाळी एका मेंढपाळाला हेल्गाफेल हा पवित्र डोंगर उघडलेला दिसतो. आत आगट्या पेटल्या आहेत, मेजवानीचा गलका चालू आहे आणि थॉरस्टेनला मानाच्या जागी बोलावलं जात आहे. जे उपनाव हसत हसत वाचलं, त्याचं वजन इथं कळतं. थट्टेतलं नाव माणसाचं पोट सांगत होतं आणि मरणही.

बुडण्याच्या थोडंच आधी, त्याच उन्हाळ्यात, त्याला मुलगा झालेला असतो. पाणी शिंपडून नाव ठेवायची चाल ख्रिस्ती होण्याआधीही तिथं होती. त्याप्रमाणे मुलाचं नाव ग्रीम ठेवलं जातं. मग बाप त्याला थॉरला वाहतो, हा देवळाचा गोदी, म्हणजे पुजारी आणि पुढारी होईल असं सांगतो आणि थॉरग्रीम म्हणतो. आजोबांना जे नाव आयुष्य घालवून मिळालं, ते नातवाला पाळण्यातच, पदासकट मिळालं. वरवर तीच रीत, पण मधल्या काळात भक्तीची वतनदारी झाली, आणि लेखकानं त्यावर एक शब्दही खर्च केलेला नाही.

चौथी पिढी ही साखळी तोडते. थॉरग्रीमचा खून होतो आणि त्याची बायको थॉर्डिस बाळंत होते ती त्यानंतर. गेलेल्याचं नाव मुलाला देण्याच्या रीतीनं याचंही नाव थॉरग्रीम. पण पोर दांडगं निघतं. लोक त्याला स्नेरिर, म्हणजे भांडखोर, म्हणू लागतात, आणि पुढं त्याचंच स्नोरी होतं. बापाचं, पुजारीपणाचं, देवाचं नाव एका पोराच्या दंग्यापुढं टिकलं नाही. मोठेपणीचा स्नोरी मात्र नेमका उलटा. शांत, हिशेबी, बरं वाटलं की वाईट हे चेहऱ्यावर दिसू न देणारा. परदेशातून तो साध्या काळ्या झग्यात परत येतो. हा कफल्लक आहे असं समजून त्याचा काका बोर्क साठ औंस चांदीची किंमत सांगतो, आणि हा ती रोख मोजून हेल्गाफेलची वडिलार्जित जमीन ताब्यात घेतो. नाव बालपणाचं राहिलं, माणूस पुढं गेला.

याच सागात दुसरा एक थॉरोल्फ आहे. जमिनीसाठी त्यानं एका म्हाताऱ्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. म्हातारा मेला, याच्या पायाला जखम झाली आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्याचं उपनाव ‘बेगीफोत’, लंगड्या पायाचा. जमीन मिळाली, पण ती कशी मिळाली हे प्रत्येक हाकेत ऐकावं लागलं. दोन थॉरोल्फ, एक दाढीचा आणि एक पायाचा. आइसलँडच्या वसाहतींची जुनी नोंद असलेल्या ‘लांदनामाबोक’मध्येही असाच मेळावा आहे. कुणी चपट्या नाकाचा केतिल, कुणी किडकिडीत हेल्गी. या नव्या मुलखात गवताच्या पात्यापात्यातून लोणी गळतं असं सांगत सुटला म्हणून आणखी एक थॉरोल्फ कायमचा ‘लोणी’ झाला.

आता हौशी व्हायकिंगांच्या आवडीकडे पाहावं. रक्त, लांडगा, कुऱ्हाड, वादळ यांची जुळणी करून ते स्वतःसाठी उपनाव घडवतात. प्रत्येक शब्द कोशात सापडेल, पण ते नाव खोटंच वाटेल. कारण ते स्वतःनं स्वतःला दिलेलं आहे. या सागात भारदस्त नाव असलं तर ते बहुधा बाप देतो, आणि उपनाव शेजारी देतात. शेजारी खुशमस्करे नसतात. म्हणून व्यक्तिरेखेचं नाव निवडताना ‘मला काय शोभेल’ यापेक्षा ‘मला हे नाव कुणी ठेवलं असेल आणि माझं काय पाहून’ हा प्रश्न जास्त कामाचा. उदाहरणार्थ, थॉर्डिस केतिलची मुलगी, म्हणजे थॉर्डिस केतिल्सदोतिर, हे नाव ऐकायला साधं आहे. पण त्यात एक देव आहे, एक बाप आहे, आणि शेजाऱ्यांनी नजर टाकावी म्हणून पुढं जागा मोकळी आहे. ती जागा वर्षभर रिकामी ठेवावी. तंबूत कुणाची भाकरी नेहमी करपते हे मंडळींना तोवर कळलेलं असतं.

राहता राहिला थॉर. स्नोरीच्या हयातीत, इसवी सन १००० च्या सुमारास, आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या कामी स्नोरीनं पुढाकार घेतला आणि हेल्गाफेलला चर्चही बांधलं. नावातला थॉर गळाला आणि देशातलाही गेला, असा सुबक अर्थ इथं लावावासा वाटतो. सागाकार ख्रिस्ती होता, तेव्हा ही जुळणी त्याला दिसली नसेल असं म्हणवत नाही. पण नावांनी असा सुबकपणा मानला नाही. ‘लांदनामाबोक’मधल्या माणसांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाच्या नावात थॉर आहे, आणि धर्म बदलल्यावरही ती नावं चालूच राहिली. बाराव्या शतकात स्कालहोल्टला एक बिशप होऊन गेला. १९८४ साली पोपनं त्याला आइसलँडचा संरक्षक संत जाहीर केलं. त्याचं नाव थॉरलाक थॉरहाल्सन. स्वतःच्या नावात थॉर आणि बापाच्याही. तेव्हा थॉरचं नाव घेतलं की आपण कडवे मूर्तिपूजक झालो, असं समजणाऱ्या हौशी माणसानं या संताकडे एकदा पाहावं. नाव ठेवणारा एका देवाला स्मरून ठेवतो. वाहणारा ते दुसऱ्याच्या वेदीपाशीही बिनघोर वाहून नेतो.