हरलेल्या सामन्यात मजा कशी येते?

आजचा विषय आहे खेळ बघण्याचा आणि खेळण्याचा आनंद. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला हा आनंद शिकवायची गरज नाही. पण पुस्तकांतून त्याचं जे तात्त्विक वर्णन मिळतं, ते आपल्या अनुभवाशी जुळतं का, एवढं आपण आज तपासू. त्यासाठी एक पुस्तक समोर ठेवू : स्टीफन ममफर्ड या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं, २०११ मधलं ‘वॉचिंग स्पोर्ट’.

ममफर्डचं म्हणणं थोडक्यात असं. प्रेक्षकांची दोन टोकं असतात. एक पक्षपाती : त्याला ‘आपला’ जिंकायला हवा असतो. दुसरा रसिक : त्याला खेळ देखणा व्हायला हवा असतो, कोण जिंकलं हे त्याच्या दृष्टीनं दुय्यम. आणि पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोघं एकाच मैदानाकडे बघतात, पण त्यांना दिसतं ते वेगळं. ममफर्डचा ओढा रसिकाकडे आहे. कांटनं १७९० साली सौंदर्याच्या आनंदाला स्वार्थनिरपेक्ष म्हटलं होतं, त्याचीच ही मैदानावरची आवृत्ती, असं आम्ही म्हणू.

या पुस्तकाचं मोल आम्ही मानतो. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं समजणाऱ्या विद्वानांना त्यानं गंभीरपणे उत्तर दिलं. दोन टोकांच्या मध्ये बरेच प्रेक्षक असतात, हेही तो मान्य करतो. आमची हरकत वेगळी आहे. रसिकता वाढली की पक्षपात कमी होतो, जणू एकाच तराजूची ही दोन पारडी, हे चित्र आम्हाला पटत नाही.

एक उदाहरण घ्या. ३१ जानेवारी १९९९, चेन्नईची कसोटी. भारताला २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीनं वाकलेल्या सचिननं १३६ केल्या, तो बाद झाला, आणि आपण २५८ वर संपलो. बारा धावांनी हार! आणि मग चेपॉकवरचे हजारो लोक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. आता सांगा, हे लोक रसिक की पक्षपाती? निव्वळ रसिक असते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. निव्वळ पक्षपाती असते तर टाळी वाजली नसती. त्या टाळीला किंमत आली ती त्यामागच्या दुःखामुळे. ज्याचं काहीच गेलेलं नाही, त्याचा मोठेपणा स्वस्तातला.

आता आपल्या खान्देशात या. यात्रेतली कुस्त्यांची दंगल तुम्ही पाहिली असेल. जोड लागते तेव्हा काय होतं? पंच दोन पैलवानांचे हात वर करून फिरवतात. एक अंगानं भारी दिसला की कडेनं आरडाओरड सुरू होते, ‘जोड बराबर नही!’ आणि गंमत बघा, भारी पैलवानाच्या गावचे लोकसुद्धा कधी कधी त्यात सामील असतात. का? तर हलक्याला पाडून मिळालेला विजय मिरवता येत नाही. आपला जिंकावा, पण तोलामोलाच्या गड्याशी लढून जिंकावा. म्हणजे अस्सल पक्षपाताच्या पोटातच न्यायाची मागणी असते. मग कुस्ती निकाली झाली, की हरलेल्या पोरानं डाव चांगला लढवला म्हणून त्याच्याही हातात कुणी नोट ठेवतो. ममफर्डनं ज्यांना दोन टोकांना बसवलं, ते इथे एकाच फेट्याखाली बसलेले असतात.

दुसरी हरकत शरीराची. ममफर्डच्या प्रेक्षकाला डोळे आहेत, मन आहे. पण तो कधी खेळला होता का, हा प्रश्न आमच्या मते मध्यभागी यायला हवा. हुतूतू खेळलेला माणूस कबड्डी वेगळी बघतो. आज चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ असतं आणि टीव्ही ते कोपऱ्यात दाखवतो. पूर्वी दम हेच घड्याळ होतं. म्हणून जुना खेळाडू आकडा बघत नाही, तो चढाई करणाऱ्याचा श्वास ऐकतो, आणि पकड झाली की याच्याच पिंढरीत कळ येते. तसंच कुस्तीचं. पट काढताना बघणाऱ्याचा खांदा आपोआप झुकतो. हा आनंद नुसत्या डोळ्यांचा नाही. वयानं गुडघे गेले तरी तो शिल्लक राहतो, हे आम्ही सत्तरी ओलांडल्यावर खात्रीनं सांगतो.

इथे एक आडवा प्रश्न येतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फलत्यागाचा विचार त्या तुरुंगातून घरोघरी गेला. मग जिंकण्याची इच्छा धरणारा खेळाडू त्यात कुठे बसतो? आमचं उत्तर असं : ज्याला जिंकायचंच नाही, तो खेळ बिघडवतो, समोरच्याचाही अपमान करतो. खेळात फळाची इच्छा मनापासून धरायची, आणि शिट्टी वाजली की सोडून द्यायची. धरणं आणि सोडणं, दोन्ही एका संध्याकाळी. त्यागाचा इतका सोपा सराव दुसरीकडे कुठे मिळतो?

हे सगळं आज का सांगायचं? कारण तिसरा एक प्रेक्षक आपल्या गावागावांत तयार झाला. मोबाइलवर दोन्ही संघांतले अकरा खेळाडू निवडायचे, पैसे लावायचे, आणि गुण मोजत बसायचं. त्याला ना संघ आपला, ना खेळ देखणा. ज्या फलंदाजावर पैसे, तेवढाच दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण कायदा ॲप बंद करील, नजर कशी बदलेल? त्या पोराला खेळाचं व्यसन लागलं, असं लोक म्हणतात. चूक. खेळ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. शाळेमागचं मैदान गेलं, हुतूतूची फाकी कुणी आखली नाही, अंगाला माती लागली नाही. मग श्वास ऐकायला तो शिकणार कुठे?

म्हणून ममफर्डला आमची दुरुस्ती एवढीच. चांगला प्रेक्षक पक्षपात सोडून तयार होत नाही. तो आधी खेळतो, हरतो, कुणाच्या तरी बाजूनं जीव टाकतो, आणि त्यातूनच प्रतिस्पर्ध्याची किंमत शिकतो. रसिकता शेवटी येते, आणि ती मैदानातूनच येते. तेव्हा नातवंडांना सामना जरूर दाखवा. पण त्याआधी त्यांना एकदा हरू द्या.

आता प्रश्न घेऊ.