पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार : मातृत्व, श्रद्धा आणि कन्येचे स्वातंत्र्य

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा मराठीत विपुल झाली. त्यांच्या मातृत्वाची त्या मानाने थोडीच झाली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार बहुधा ईश्वरशास्त्रीय वादाचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. परंतु या वादात पुनःपुन्हा उपस्थित होणारा प्रश्न एका लहान मुलीच्या संगोपनाचा आहे, ही बाब दुर्लक्षिली जाते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. अडीच वर्षांची मनोरमाही त्यांच्यासमवेत ख्रिस्ती झाली. पुढे मुलीला त्रैक्याचा सिद्धान्त शिकवण्याचा प्रश्न आला, तेव्हा स्वतःला न पटलेली शिकवण मुलीच्या मुखी घालण्यास रमाबाईंनी सिस्टर जेरल्डीन यांना स्पष्ट विरोध केला. जेरल्डीन यांच्या मनात मनोरमेविषयी खरे वात्सल्य होते, हे पत्रांतून दिसते. तरीही धर्मसंस्थेचा अधिकार मातेच्या विवेकापेक्षा वरचा, हे रमाबाईंना मान्य नव्हते.

या भूमिकेतच पुढचा पेच दडलेला होता. विवेकावर बाह्य सत्तेचा अधिकार चालत नसेल, तर तोच न्याय मातेलाही लागू होतो. रमाबाईंना या न्यायाचा संस्कार माहेरीच लाभला होता. अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीचा बालविवाह केला नाही आणि आई लक्ष्मीबाईंनी तिला संस्कृत शिकवले. मुलीला रूढीच्या हाती न देणे म्हणजे तिला मोकळे ठेवणे, हा अर्थ रमाबाईंनी आयुष्याच्या आरंभीच अनुभवला होता.

अमेरिकेच्या दौऱ्यात मुलीला दूर ठेवणे ही परिस्थितीची सक्ती होती. मोठ्या झालेल्या मनोरमेला शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेस पाठवणे हा मात्र निर्णय होता. पतीच्या निधनानंतर रमाबाईंना जवळचे असे तेवढेच एक माणूस उरले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. ईश्वरावरील भरवसा येथे उपदेशाच्या पातळीवर राहत नाही; तो आचरणात उतरतो.

तथापि या कथेला केवळ त्यागाचा गौरव चढवणे समीक्षेला शोभणारे नाही. मनोरमा परतली ती आईच्याच कार्यात. शारदा सदनाची शाळा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा निधिसंकलनाचा दौरा, १९१२ मध्ये गुलबर्गा येथे सुरू झालेली शाळा, हा तिचा जीवनक्रम मुक्ती मिशनच्या गरजांनी आखलेला दिसतो. मुलीला मोकळे सोडणाऱ्या आईचे कार्य इतके विशाल होते की त्याबाहेर उभे राहण्यास जागा उरली होती काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. त्याचे उत्तर देताना एक मर्यादाही जाणवते. ही पत्रे मुख्यतः जेरल्डीन यांनी जतन केली आणि त्यांवर टिपणेही लिहिली; साहजिकच संग्रहात दोन वडीलधाऱ्या स्त्रियांचे स्वर ठळक आहेत. मनोरमेचा स्वर ऐकू येतो, पण तो बव्हंशी त्यांच्या संदर्भातच. तिचे परतणे आज्ञापालन होते की स्वीकार, याचा निवाडा एकट्या मातेच्या साक्षीवर करता येत नाही. मातेची श्रद्धा कितीही खरी असली, तरी ती कन्येच्या संमतीचा पुरावा ठरू शकत नाही.

२४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमेचे निधन झाले. जिच्या हाती कार्य सोपवायचे तीच आधी गेली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम नेटाने चालूच ठेवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचाही मृत्यू झाला. मुलीला जगाच्या स्वाधीन करताना परतीची आशा असते. या अखेरच्या स्वाधीनतेत तीही नव्हती. श्रद्धेची कसोटी पाहायची तर ती या सुमारे साडेआठ महिन्यांत पाहावी. मराठी चरित्रकारांनी धर्मांतराच्या वादाला जितकी पृष्ठे दिली, त्यांतील काही या काळाच्या वाट्यास आली असती, तर रमाबाईंचे चित्र अधिक पूर्ण झाले असते, आणि मनोरमेचेही.