ख्रिस्ती धर्मशिक्षणातील ध्यानप्रार्थनेचे स्थान : ना. वा. टिळकांच्या साताऱ्यातील प्रयोगाच्या संदर्भात

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे नाव मराठीच्या अभ्यासक्रमात 'फुलामुलांचे कवी' या बिरुदासह येते आणि बहुधा तेथेच थांबते. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ते उपासनागीतांचे कर्ते म्हणून परिचित आहेत. या दोन्ही ओळखींत त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे सामावत नाहीत. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. शिरवळहून खंबाटकीचा घाट ओलांडून आपण ज्या गावी सहज जाऊन येतो, त्या गावी झालेल्या या उपक्रमाकडे धर्मशिक्षणाचा प्रयोग म्हणून पाहावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रथम संज्ञेविषयी. मागणे, स्तुती, पापांगीकार, मध्यस्थी या प्रार्थनाप्रकारांत शब्द प्रधान असतो. ध्यानप्रार्थनेत भक्त एखादे वचन मनात घोळवीत देवासमोर बसतो आणि अखेर ते वचनही मागे राहते. उरते ते केवळ सान्निध्य. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांपासून सोळाव्या शतकातील आविलाच्या तेरेजापर्यंत ही परंपरा अखंड आढळते. ती ख्रिस्ती धर्मात बाहेरून आली, असे म्हणता येत नाही. तथापि धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला जागा मिळाली नाही, कारण त्या वर्गाची घडण प्रश्नोत्तरांची आहे. देव कोण? आज्ञा किती? उत्तर पाठ झाले की शिक्षण झाले.

ही उणीव आपल्याकडे फार लवकर जाणवलेली दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो, की धर्मशिकवण मिळते. परंतु पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचावयास, ऐकावयास काही द्या. त्याच स्टीफन्सची प्रश्नोत्तररूप 'दौत्रिना' त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाली. एकाच लेखणीतून उतरलेले हे दोन ग्रंथ धर्मशिक्षणाच्या दोन गरजा दर्शवितात. एक उत्तर मागते, दुसरे रमण्यास अवकाश देते.

टिळकांनी ही दुसरी गरज स्वतःच्या जीवनात अनुभविली होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या धर्मशाळेत भावी पाळकांना शिकविले. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. म्हणजे प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण त्यांना आतून ठाऊक होते. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. या विधानाचा उपयोग आपण सहसा 'समन्वया'च्या भाषणांपुरता करतो. त्यातील शिक्षणविषयक आशय अधिक मोलाचा वाटतो. तुकोबांकडून टिळकांनी सिद्धान्त घेतला नाही, घेतली ती देवापुढे बसण्याची रीत.

'अभंगांजली'तील रचना या दृष्टीने वाचाव्यात. ख्रिस्ताला माता आणि गुरू मानून केलेले संबोधन, एकाच भावाभोवती फिरत राहणारी छोटी चरणे, ध्रुवपदाकडे पुन्हा पुन्हा परतणे या सर्वांमुळे अभंग माहिती पुढे नेत नाही, ऐकणाऱ्यास जागीच थांबवितो. प्रश्नोत्तरीत पुनरावृत्ती पाठांतरासाठी असते. अभंगात ती मन स्थिर होण्यासाठी असते. हा भेद शिक्षकाच्या ध्यानात आला नाही तर अभंगही पाठांतराचा धडा होतो. शब्बाथ शाळेच्या गायनस्पर्धेत टिळकांची गीते वेळ लावून म्हटली जाताना हेच घडते. स्वर जपला जातो, विराम गमावतो.

दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तानुयायी एकत्र यावेत, अशी टिळकांची धारणा होती. मिशनच्या क्रमात आधी शिकवण, नंतर बाप्तिस्मा, त्यानंतर मंडळीतील सहभाग. टिळकांनी सहवास अगोदर आणला. या उलटापालटीत धोका होता, हे मान्य करावयास हवे. शिकवणीचा आधार नसलेले ध्यान निराकार भावुकतेत विरघळू शकते, हा आक्षेप पोकळ नाही. टिळकांच्या ध्यानाचा केंद्रबिंदू मात्र शुभवर्तमानातील येशू हाच होता. येशूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, ते याची साक्ष आहे. दरबाराचा खरा दुबळेपणा अन्यत्र आहे. तो टिळकांच्या व्यक्तित्वावर उभा होता. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. ज्या पद्धतीस गुरूची उपस्थिती लागते, ती संस्थेच्या हाती कशी सोपवावी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्याला दोन उत्तरे शोधली गेली. टिळकांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढून आश्रमाचा मार्ग घेतला. फादर अँथनी डिमेलो यांनी १९७० नंतरच्या दशकात 'साधना' संस्थेद्वारे श्वास, देहसंवेदना व मौन यांचे क्रमबद्ध अभ्यास रचले. ही संस्था पुढे लोणावळ्यास गेली. १९८९ साली व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाच्या काही पद्धतींविषयी सावधगिरीचे पत्र काढले आणि १९९८ साली, डिमेलो यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, त्यांच्या काही मतांवर आक्षेप नोंदविला. मतांचा वाद बाजूस ठेवला तरी तंत्र सुटे करता येते, ही अडचण राहतेच. प्रार्थनेपासून सुटलेले तंत्र परीक्षेचा ताण घालविण्यास उपयोगी पडते; त्याला धर्मशिक्षण म्हणण्याचे कारण उरत नाही.

अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांत आणखी एक मर्यादा आहे. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार तेथे विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही. ही तरतूद ध्यानप्रार्थनेला अडथळा ठरते, असे मला वाटत नाही. सक्तीने उत्तर वदवून घेता येते, ध्यान करवून घेता येत नाही. त्याला गुणही देता येत नाहीत. आणि गुण नसलेल्या गोष्टीस वेळापत्रकात तासिका मिळत नाही, हे आपण सर्व अध्यापक जाणतोच.

लूकच्या अकराव्या अध्यायात शिष्य येशूकडे प्रार्थना शिकविण्याची विनंती करतात, ती तो स्वतः प्रार्थना करून उठल्यावर. त्यांनी आधी पाहिले, मग विचारले. पाळक घडविणाऱ्या अभ्यासक्रमांनी हा क्रम गंभीरपणे घ्यावयाचा तर 'अभंगांजली' मराठीच्या ऐच्छिक वाचनातून काढून प्रार्थनेच्या तासास आणावी लागेल. अध्यापकाने एक अभंग सावकाश वाचावा, नंतर स्वतःही वर्गासमवेत निःशब्द बसावे, आणि त्या अभंगावर प्रश्न विचारू नये.