तंजावरचा कोल्हा

वर्डच्या कोऱ्या पानावर बरोबरचे चिन्ह, त्याला चिकटून रँड, टिंब, ओल्ड आणि कंसात ३,५ असे लिहून एन्टर दाबा. एकच इंग्रजी वाक्य परिच्छेदात पाच वेळा, असे तीन परिच्छेद उमटतात. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो. पंधरा उड्या, तरी कुत्रा ढिम्म. मजकूर हाती येण्याआधी पान कसे दिसेल ते पाहायची ही सोय.

रँड, टिंब, ओल्ड या तिन्हींऐवजी लोरेम लिहिले तर मोडकी लॅटिन येते. तिचे मूळ सिसेरोच्या इ.स.पू. ४५ मधल्या ग्रंथात आहे. दुःखवाचक ‘डोलोरेम’चे डोके उडून ‘लोरेम’ उरले. दुःखाचा नुसता ‘ख’ राहावा तसे. मला आपला कोल्हाच बरा.

इंग्रजीची सव्वीसही अक्षरे त्या वाक्यात बसतात. मराठी रूपात ती कसरत साफ फसते. ‘झ’, ‘ठ’, ‘ण’ नाहीत, अनुस्वार नाही, रफारही नाही. पण नीट पाहा. ‘तपकिरी’त ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी शेजारी शेजारी. ‘चपळ’ आणि ‘आळशी’ यांत दोन ‘ळ’. ‘वरून’मधला ‘रू’ तर उकार पायाशी न घेता कुशीत घेतो. फाँट कच्चा असेल तर इथेच उघडा पडतो. आणि ‘कुत्र्या’तला ‘त्र्य’, एका अक्षराच्या जागेत तीन व्यंजने! झोपलेले कुत्रेच वाक्यातले सर्वांत अवघड काम करते.

पान आधी पाहायची सोय तंजावरातही भेटते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. मजकुराआधी पानाचा तोल पाहायची ही युक्ती मला एन्टरपेक्षा देखणी वाटते.

याच गावात दुसऱ्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला. मुंबईत मराठी छपाई रुळायच्या आधी, १८०६ मध्ये, तिथून ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. इसापच्या गोष्टी, मराठीत. इसाप म्हटला की कोल्हा आलाच, आणि कुत्राही. तिथे काही आपोआप उमटत नव्हते. खिळा खिळा वेचून ओळ जुळवायची. कुत्र्याने पाण्यात दिसलेल्या तुकड्यासाठी वाकायचे, तर जुळाऱ्याला आधी तो ‘त्र्य’ कुठून तरी शोधून आणावा लागला असणार.