यंत्राचा ठेका, माणसाचा आवाज

पॅरिसमधला 'मेताल उर्बँ' हा बँड १९७६ साली उभा राहिला. ड्रमवाला नाही, बास गिटार नाही. ठेक्याला यंत्र, सोबतीला सिंथेसायझर आणि करवतीसारख्या गिटारी. रसिक म्हणतील, हा तर गोंगाट! मी साचेखात्यात राबतो. यंत्र माणसाला कसं ताब्यात घेतं ते मला ठाऊक आहे. इथं उलटं आहे. यंत्र न थकता ठोकत राहतं आणि माणूस त्याच्या उरावर बसून ओरडतो. लंडनच्या 'रफ ट्रेड'नं १९७८ साली आपली पहिली तबकडी काढली ती यांचीच. तरी नाव मागंच पडलं. पुढं यातलेच काहीजण 'मेटल बॉईज' झाले. आवाज निवळला, कसब वाढलं, पण दात बोथटले. मित्रांनो, कसब जरूर कमवा. धार मात्र गहाण टाकू नका.